नादाची जात

लखनौच्या सरोजिनी नगरमध्ये कानपूर रस्त्यापासून थोडं आत आमचं भाड्याचं घर आहे. डोक्यावरून अमौसीच्या विमानतळावर उतरणारी विमानं जातात, रस्त्यावर टेंपोंची फटफट असते आणि संध्याकाळी वीज गेली की घराघरांतले इन्व्हर्टर घरघरू लागतात. माझा सतरा वर्षांचा मुलगा या सगळ्यात इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. वीज असते तेव्हा त्याच्या छोट्या अँप्लिफायरमधून एक बारीक गुंजन सतत येत असतं. इन्व्हर्टरवर गेलं की त्या गुंजनाचं करवतीच्या आवाजात रूपांतर होतं. खुर्ची खिडकीच्या दिशेनं थोडी वळवली तर ते कमी होतं, हे त्यानं शोधून काढलं आहे. त्यामुळे आमच्या घरात गिटारवादकाचं तोंड कायम शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीकडे असतं.

मध्यंतरी एक गाणं तो तीन आठवडे घोटत होता. मला ते नीट आलेलं वाटत होतं, तसं मी म्हटलंही. तो म्हणाला, “आई, सूर सगळे बरोबर आहेत गं. टोन नाहीये पण.”

“टोन नाहीये म्हणजे काय नाहीये?”

त्यानं जरा विचार केला. “म्हणजे खोटं वाटतंय.”

मी वीस वर्षं अनुवाद करते. हिंदीतून मराठीत, कधी इंग्रजीतून. सगळे शब्द बरोबर आहेत आणि तरी खोटं वाटतंय, ही अवस्था मला चांगलीच माहीत आहे. अनुवादावर जी परीक्षणं येतात त्यांत या अवस्थेसाठी किंवा तिच्या उलट अवस्थेसाठी एकच विशेषण असतं: ओघवता. माझ्या चार पुस्तकांवर मिळून ते सहा वेळा आलं आहे. नळाचं पाणीही ओघवतं असतं. मूळ लेखकाचा आवाज मराठीत आल्यावर खरखरीत राहिला की गुळगुळीत झाला, कोरडा राहिला की ओलावला, याबद्दल परीक्षक काही बोलत नाही. मुलाकडे निदान ‘टोन’ हा शब्द तरी होता. मला त्याचा हेवा वाटला आणि मी त्या शब्दामागे लागले.

०

संगीताच्या परीक्षा दिलेल्या मराठी माणसाला नादाची तीन लक्षणं पाठ असतात: नादाचा लहानमोठेपणा, नादाची उंचनीचता आणि नादाची जात. पहिल्यानं आवाज किती जोराचा ते कळतं, दुसऱ्यानं सूर कुठला ते कळतं. तिसऱ्यानं, एकच सूर तितक्याच जोरानं वाजला तरी तो सतारीचा आहे, बासरीचा आहे की शेजारच्या काकूंचा आहे, ते न बघता कळतं. इंग्रजी बोलणारे गिटारवाले ज्याला टोन म्हणतात ती ही जात.

हा शब्द मराठीत निरागसपणे वापरता येत नाही, वापरूही नये. न बघता ओळखू येणं, आडनावावरून, उच्चारावरून, ताटातल्या भाजीवरून ओळखलं जाणं, हे या शब्दात आपण शतकानुशतकं भरलं आहे. संगीतशास्त्राच्या पुस्तकात तो केवळ ‘प्रकार’ या अर्थानं आला असेल. तरीही वाद्यांच्या बाबतीत आपण दोन्ही अर्थ एकत्र चालवत आलो आहोत. वीणा आणि तंबोरा देवघरातले. हार्मोनियम बराच काळ उंबऱ्यावर. आकाशवाणीनं १९४० मध्ये त्याला बाहेर काढलं आणि पुढे तीन दशकं घेतलं नाही. इलेक्ट्रिक गिटार तर फाटकाबाहेरची: सिनेमातली, ‘त्या’ लोकांची, पार्टीतली. आवाज कानावर पडायच्या आधीच निकाल लागलेला असतो.

या गोष्टीला लखनौ हे फार सोयीचं गाव आहे, कारण आपल्या संगीताच्या लेखी व्यवहाराचा एक मोठा कारखाना इथेच उभा राहिला आणि तो उभारणारा मराठी माणूस होता. मुंबईच्या वाळकेश्वरचे वकील विष्णु नारायण भातखंडे यांनी १९२६ मध्ये लखनौला मॅरिस कॉलेज सुरू केलं. पुढे श्रीकृष्ण नारायण रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं. आज कैसरबागेत ते भातखंडे विद्यापीठ म्हणून आहे. भातखंड्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा आपला मोठा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिला, आणि घराण्यांच्या तिजोरीत अडकलेल्या चिजा कागदावर आणण्यासाठी एक स्वरलिपी पक्की केली. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्राला खाली टिंब, तारसप्तकाला वर टिंब, मींड असेल तिथे कमान. इतकी साधी, इतकी उपयोगी लिपी क्वचितच कुणी दिली असेल. चिजा वाचल्या त्या तिच्यामुळे.

त्या लिपीत जातीसाठी चिन्ह नाही. सा कुणाच्या गळ्यातला, कुठल्या तारेचा, हे तीत लिहिता येत नाही. हा भातखंड्यांचा दोष नव्हे. पाश्चात्त्य स्वरलेखनातही ते चिन्ह नाही. तिथे वरती वाद्याचं नाव लिहितात आणि बाकी वाजवणाऱ्यावर सोडतात. पण जे लिहिता येत नाही त्याबद्दल आपण पुढे बोलणंही कमी केलं, ही खोड मात्र आपली. अनुवादाच्या परीक्षणाचीही नेमकी तीच स्थिती आहे. शब्दाला शब्द लावून चूक दाखवता येते, म्हणून चुका दाखवल्या जातात. उरलेल्यासाठी ‘ओघवता’.

०

मुलाच्या जगात मात्र या उरलेल्याचीच चर्चा चालते. आधी मला ती खरेदीची हाव वाटायची. अमुक पिकअप, तमुक पेडल, अमक्या सालातलं लाकूड. मग मी त्याच्याकडून ते यंत्र समजून घेतलं.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारेखाली चुंबक असतं आणि चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की वेढ्यांत तितक्याच थरथरीची वीज तयार होते. हा पिकअप. तो तारेचा आवाज ‘ऐकत’ नाही, तिची हालचाल पकडतो. आणि त्याला चांगली थरथर कुठली, वाईट कुठली, हे कळत नाही. घरातल्या विजेच्या तारांमधली सेकंदाला पन्नास आवर्तनंही तो तितक्याच निष्ठेनं पकडतो. आमच्या घरातलं गुंजन ते. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास यावर उपाय काढला: दोन वेटोळी उलटसुलट जोडायची, म्हणजे बाहेरचं गुंजन एकमेकांना खातं आणि तारेचा आवाज उरतो. पण असं केल्यावर तारेच्या आवाजातली वरची चमकही थोडी जाते. गुंजन हवं की चमक जायला हवी, हा प्रश्न त्या दिवसापासून सुटलेला नाही. एकेरी वेटोळ्याची फेंडरची स्ट्रॅटोकास्टर १९५४ ची. तिचं गुंजन सहन करणारे लोक आजही आहेत, कारण त्यांना ती चमक सोडवत नाही.

पिकअपच्या पुढे अँप्लिफायर. जुन्या अँप्लिफायरमध्ये रेडिओत असत तसे काचेचे व्हॉल्व्ह. त्यांना झेपेल त्यापेक्षा जास्त आवाज मागितला की ते एकदम तुटत नाहीत, आवाजाचे शेंडे हळूहळू चेपतात, आणि त्या चेपण्यातून मूळ सुराचे नवे उपस्वर जन्मतात. यंत्राच्या दृष्टीनं हा दोष आहे. रॉक संगीताचा बहुतेक डोलारा या दोषावर उभा आहे. जिम मार्शल यांनी १९६२ मध्ये लंडनला फेंडरच्या एका अँप्लिफायरवर बेतून आपला पहिला अँप्लिफायर काढला. थोडे भाग बदलले आणि वेगळाच आवाज निघाला. त्याच साली अमेरिकेत मॅस्ट्रोची फझ-टोन ही डबी बाजारात आली, जी हा दोष पायानं चालूबंद करू देते. पुढच्या काही फझ डब्यांत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर असत आणि ते उन्हाळ्यात वेगळे वागत. लखनौचा मे महिना त्यांनी पाहायला हवा होता. आणि एडी व्हॅन हेलन आपल्या अँप्लिफायरला मुद्दाम कमी व्होल्टेज द्यायचा, त्यासाठी व्हेरिअ‍ॅक नावाचं उपकरण लावायचा. त्याच्या त्या आवाजाला ‘तपकिरी’ म्हणतात. आमच्या गल्लीत संध्याकाळी सात ते नऊ ही सोय फुकट आहे, असं मी मुलाला सांगितलं. तो हसला नाही.

तपकिरी हा शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला. ही माणसं आवाजाला ऊबदार म्हणतात, काचेसारखा, लाकडी, मलईदार, चिखलट म्हणतात. वरवर पाहता ही जाहिरातीची भाषा आहे, आणि बरीचशी आहेही. पण तिच्या तळाशी समीक्षेचं मूळ काम आहे: जे मोजता येत नाही त्याला दुसऱ्या इंद्रियातून उपमा आणून पकडायचं आणि दुसऱ्या माणसाला विचारायचं, तुलाही असंच ऐकू येतंय का? दोन माणसांचं एका विशेषणावर एकमत झालं की तेवढ्यापुरता एक समाज तयार होतो. मराठीतही हे होतं. गाण्याच्या बैठकीत ‘आवाजाला गोलाई आहे’, ‘आवाज लागला’, ‘टोकदार’, ‘खर्जात घुमारा आहे’, ‘पोत जाडसर आहे’ असं आपण सहज बोलतो. हे शब्द आपण गळ्यासाठी राखून ठेवले आणि विजेच्या वाद्यापर्यंत नेले नाहीत.

०

नेले असते तर व्हॅन शिप्ले यांच्याबद्दल मराठीत काहीतरी वाचायला मिळालं असतं.

शिप्ले लखनौचे. १९२७ चा जन्म, म्हणजे भातखंड्यांच्या कॉलेजच्या पाठोपाठचा. मेथॉडिस्ट ख्रिस्ती घर. हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेला हा माणूस व्हायोलिन आणि गिटार वाजवी. पुढे मुंबईच्या चित्रसृष्टीत गेला आणि २००८ मध्ये मुंबईतच वारला. आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार त्यांनी स्वतः आखून बनवून घेतली होती, तसंच इलेक्ट्रिक व्हायोलिनही. भारतातले पहिले इलेक्ट्रिक गिटारवादक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. गिटार ते मांडीवर आडवी ठेवून, पडद्यांवर बोटं न दाबता, तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवत. म्हणजे हवाई पद्धतीनं. एच.एम.व्ही.नं पन्नाशीच्या दशकापासून त्यांच्या ध्वनिमुद्रिका काढल्या. ‘द मॅन विथ द गोल्डन गिटार’ ही एलपी जुन्या बाजारात अजूनही दिसते. त्यांच्यासोबत अकॉर्डियनवर असत पुण्याचे इनॉक डॅनियल्स.

या मुद्रिकांवर काय असे? गाजलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या चाली. शब्द नाहीत, गायक नाही. मुखडा, अंतरा, मुखडा, साधारण तीन मिनिटं. रेडिओवर बातम्यांच्या आधी वेळ उरला की भरायला हे संगीत लावत. ज्यांचं बालपण रेडिओजवळ गेलं त्यांना ते पाठ आहे आणि वाजवणाऱ्याचं नाव माहीत नाही. समीक्षकांच्या लेखी ही नक्कल होती. लताबाईंचं गाणं असताना त्याची गिटारवरची प्रत कोण कशाला ऐकेल?

या वाक्यानं मी थांबले, कारण हे वाक्य मी दुसऱ्या संदर्भात फार वेळा ऐकलं आहे. मूळ पुस्तक असताना अनुवाद कोण कशाला वाचेल?

शिप्ले करत होते तो अनुवाद होता. आणि तोही फार अवघड प्रकारचा, कारण मूळ मजकुरातले शब्दच काढून घ्यायचे होते. गाण्यातून कवीचं काम वजा केलं, गायिकेचा गळा वजा केला, वाद्यवृंद बव्हंशी वजा केला, तर हातात चाल उरते, जी भातखंड्यांच्या लिपीत दोन ओळींत बसेल. त्या दोन ओळी तीन मिनिटं ऐकाव्याशा वाटतील असं काहीतरी वादकाला स्वतःकडून घालावं लागतं. त्याच्याकडे घालायला एकच गोष्ट असते: नादाची जात.

आता ऐकून काय दिसतं ते सांगते. शिप्लेंचा सूर नखीच्या आघातानं सुरू होतो. त्या क्षणी तो नि:संशय गिटारचा आहे, धातूचा, किंचित टणक. मग कांडी सरकते आणि सूर पुढच्या सुराकडे न तुटता जातो, आणि त्या प्रवासात गिटार विसरायला होते. तिथे गळ्यासारखं काहीतरी ऐकू येतं. पुढच्या आघाताला पुन्हा गिटार. ध्वनीच्या अभ्यासात हे वारंवार दिसून आलं आहे की मुद्रणातून सुराची सुरुवात कापून टाकली तर ओळखीचं वाद्य ओळखणंही कठीण जातं. कान जात ठरवतो ती बरीचशी पहिल्या क्षणाच्या आघातावरून. शिप्लेंचं वादन या फटीत राहतं. सुरुवात सांगते मी कोण, पुढचा भाग ते पुसत जातो.

विजेचं काम इथे आहे. साध्या गिटारचा सूर छेडल्याबरोबर विरू लागतो. मींड घ्यायची तर सूर टिकायला हवा, नाहीतर निम्म्या वाटेतच तेल संपतं. पिकअप आणि अँप्लिफायर विरत जाणाऱ्या सुराला ऐकू येण्याजोगं ठेवतात, म्हणजे मींडेला लागणारा वेळ विकत घेतात. पाश्चात्त्य बँडमध्ये गिटारला वीज लागली ती ब्रास वाद्यांपुढे ऐकू यावं म्हणून. आपल्याकडच्या हवाई गिटारवाल्यांना ती याही कारणासाठी उपयोगी पडली. गंमत अशी की इलेक्ट्रिक गिटारचा जन्मच मांडीवरच्या हवाई गिटारच्या रूपात झाला: बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार, रिकनबॅकरची ‘तळणीचा तवा’ म्हणून ओळखली जाणारी, १९३१-३२ ची, हवाई पद्धतीचीच होती. म्हणजे शिप्ले काही आडवाटेला नव्हते. उभी गिटार गळ्यात अडकवून नाचणारे नंतर आले.

याउलट उदाहरण ‘नागिन’चं. १९५४ च्या या चित्रपटातली बीन ऐकून आजही वरातीत माणसं जमिनीवर लोळतात. ती बीन नाहीच. कल्याणजींनी वाजवलेलं क्लॅव्हिओलिन हे विजेवरचं वाद्य आणि सोबत रवींची पेटी. तिथे वाद्यानं आपली जात पूर्ण लपवली आणि अख्खा देश फसला, आनंदानं फसला. अनुवादात हा एक आदर्श मानतात: मराठीतच लिहिल्यासारखं वाटावं. शिप्लेंचा आदर्श वेगळा. त्यांची गिटार लताबाई असल्याचं सोंग घेत नाही. गळ्याच्या जवळ जाते आणि दर आघाताला कबूल करते की मी पोलादी तार आहे. मला स्वतःला हा दुसरा अनुवाद अधिक प्रामाणिक वाटतो, आणि करायला अधिक अवघड.

दुसरी एक गोष्ट मुद्रिकेच्या वेष्टनावर आहे. त्या काळात चित्रपटगीतात गिटार, सॅक्सोफोन, मेंडोलिन वाजवणाऱ्यांची नावं गाण्याच्या तबकडीवर येत नसत. ‘दम मारो दम’च्या सुरुवातीची गिटार भूपिंदर सिंग यांची, हे लोकांना पुढे केव्हातरी कळलं. शब्दांशिवायच्या या ‘नकली’ मुद्रिकांवर मात्र वादकाचं नाव ठळक असे आणि त्याखाली वाद्याचंही. चाल दुसऱ्याची, नाव वादकाचं. मराठीत अनुवादकाचं नाव मुखपृष्ठावर यावं म्हणून आम्ही अजून पत्रं लिहितो.

०

इतकं म्हटल्यावर उणंही सांगायला हवं. शिप्लेंच्या मुद्रिका सलग ऐकवत नाहीत. चौथ्या गाण्यापर्यंत कान गोड खाऊन मिटतो. लांब सुरावरचं कंपन इतक्या नेमानं येतं की ते भावनेपेक्षा सवयीचं वाटू लागतं. मूळ गाण्यांत दु:ख, खट्याळपणा, भक्ती वेगवेगळी होती. इथे सगळ्यांना एकच मखमली अस्तर लागतं. हा अनुवादकांचाही जुना रोग आहे: पाच लेखक अनुवादायचे आणि पाचही जण एकाच सुरात बोलायचे. स्वतःची जात घडली की ती सगळ्यांवर थापण्याचा मोह होतो. इनॉक डॅनियल्स यांचं अकॉर्डियन येतं तेव्हा म्हणूनच बरं वाटतं. श्वासावर चालणारी ती पत्ती मखमलीला मध्येच एक खरखर देते.

काही जण म्हणतील, हे सगळं बाजाराचं संगीत, यावर इतकी शाई का? त्यांना ब्रिजभूषण काब्रा यांच्याकडे पाहता येईल. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’त शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीच्या मध्ये त्यांची हवाई गिटार आहे. तिथे तिला रागाचं घर मिळालं आणि पाठोपाठ मान मिळाला. वाद्य तेच, कांडी तीच. घर बदलल्यावर कानही बदलले. आपण वाद्याची जात ऐकत होतो की वस्तीची, हे त्यावरून ताडता येतं.

०

मिरजेला मी एकदा तंबोऱ्याची जवारी काढताना पाहिली आहे. शिकलगार घराण्यांतली ही माणसं. पूर्वज हत्यारं घडवणारे, एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांपासून वाद्यांकडे वळलेले. पंढरपूर भागातला भोपळा, त्यावर दांडी, तबकडी, आणि तबकडीवर ती चपटी घोडी. सगळा जीव त्या घोडीत. तिचा वरचा पृष्ठभाग अगदी किंचित बाकदार असतो. थरथरणारी तार त्याला पुन:पुन्हा हलकेच टेकते आणि त्या टेकण्यातून उपस्वरांचा तो पिसारा फुलतो. तारेखाली सुताचा एक बारीक दोरा सारतात. तो केसभर पुढेमागे केला की आवाज उघडतो किंवा मिटतो. खुली जवारी, बंद जवारी. कारागीर कानशीनं दोन हात मारायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, पुन्हा दोन हात. तासभर. कुठलंही माप नव्हतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ते या तासाभराला मिळालं असं मी धरते.

पिकअपच्या वेढ्यांवर, पेडलच्या खुंट्यांवर, व्हॉल्व्हच्या व्होल्टेजवर चर्चा करणारी माणसं आणि मिरजेचा तो कारागीर यांच्यात मला आता फारसा फरक दिसत नाही. दोघेही तारेच्या स्वच्छ आवाजात काहीतरी अडवून, घासून, बिघडवून तिला बोलतं करतात. फरक असलाच तर हा: जवारी वापरानं झिजते आणि पुन्हा काढावी लागते, म्हणून तिचा मालक कारागिराकडे परत जातो. पेडलचा मालक दुसरं पेडल घेतो. सामानाची हाव वाईट ती इथे. ती सामानामुळे येत नाही. परत जाऊन तेच पुन्हा घासायचा कंटाळा आला की येते.

हे मी मुलाला ऐकवलं तेव्हा त्यानं माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं. तिथे मोल्सवर्थ आहे, दाते-कर्व्यांचे खंड आहेत, दोन हिंदी कोश, एक उर्दू-हिंदी, आणि गेल्या दिवाळीत घेतलेला, अजून न उघडलेला अवधीचा. त्याचं बरोबर होतं. एखाद्या वाक्याचा टोन येत नसला की मी कोश विकत घेते. कोशात सूर मिळतात. जात मिळत नाही, ती वाक्य मोठ्यानं वाचून, दोन शब्द काढून, पुन्हा वाचूनच मिळते. त्या तासाभराला पर्याय नाही, पण कानस बोथट असेल तर तोही फुकट जातो. सामान आणि हात यांतलं एक निवडा, असं सांगणारे बहुधा दोन्ही न वापरणारे असतात.

आमच्या घरापासून जवळच स्कूटर्स इंडियाचा बंद पडलेला कारखाना आहे. १९७२ मध्ये इटलीच्या इनोसेंटी कंपनीकडून लॅम्ब्रेटाची यंत्रसामग्री विकत घेऊन ती सरोजिनी नगरला आणली गेली. यंत्रं तीच, आराखडे तेच. बाहेर पडलेल्या स्कूटरचा आवाज मात्र लखनौच्या रस्त्यांचा होता, आणि पुढे त्याच कारखान्याच्या विक्रम तीनचाकींनी तर उत्तर भारताला एक स्वतंत्र आवाज दिला. त्याला कुणी नक्कल म्हटलं नाही.

मराठी समीक्षेकडे माझी मागणी एवढीच आहे. अनुवादाचं परीक्षण करताना चुका जरूर दाखवा, पण एक परिच्छेद त्या आवाजावर लिहा. खुला आहे की बंद, आघात कुठे ऐकू येतो, कुठे पुसला जातो, पाच पुस्तकांना एकच मखमल लावली आहे का. शब्द नसतील तर गवयांकडून घ्या, मिरजेहून आणा, गिटारवाल्या पोरांकडून उसने घ्या. चुकीचं विशेषणही ‘ओघवता’पेक्षा बरं, कारण त्याच्याशी भांडता येतं.

हा लेख मुलाला वाचून दाखवला. शिप्ले त्याला आधी जुनाट वाटले होते. मग एके संध्याकाळी त्यानं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि स्वयंपाकघरातला जाड काचेचा छोटा पेला तारांवरून सरकवून पाहिला. पहिले काही दिवस नुसतं केकाटणं होतं. आता एका मुखड्याच्या दोन ओळी येतात. त्यांतली दुसरी कधीकधी खरी वाटते. त्याला हवी असलेली ट्यूब स्क्रीमरची हिरवी डबी माझ्या एका कथेच्या अनुवादाच्या मानधनाहून महाग आहे. तरी ती घ्यायचं ठरलं आहे. अवधीचा कोश उघडायचंही ठरलं आहे.